सविकल्प भय : नारायण धारप आणि मराठी समीक्षेचे मौन

१

नारायण धारप ऑगस्ट २००८ मध्ये निवर्तले. त्याच वर्षाच्या जानेवारीत सांगलीला ८१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते आणि त्याच्या अध्यक्षपदी म. द. हातकणंगलेकर होते. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन केलेला, जी. ए. कुलकर्णींच्या कथेचा मर्मज्ञ वाचक आणि त्यांच्या पत्रांचा संपादक म्हणून ओळखला गेलेला समीक्षक त्या आसनावर बसला, ही वाङ्मयव्यवहाराच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट होती. या दोन घटनांमध्ये कसलाही कार्यकारणसंबंध नाही. तरीही त्या शेजारी ठेवल्या की मराठी समीक्षेचा एक जुना व्यवहार उघडा पडतो. जी. ए. (१९२३–१९८७) आणि धारप (१९२५–२००८) हे समवयस्क. दोघांनीही मध्यमवर्गीय घराच्या उंबऱ्याबाहेरचा आणि उंबऱ्याच्या आतलाही काळोख हाच आपला विषय मानला. त्यांपैकी एकाचा काळोख अभ्यासक्रमात गेला, परिसंवादांत गेला, प्रबंधांत गेला. दुसऱ्याचा काळोख वाचनालयाच्या देवघेव विभागात राहिला. ही वाटणी कोणी केली, केव्हा केली आणि कोणत्या निकषावर केली, याचे लेखी उत्तर शोधू गेल्यास हाती काही लागत नाही.

प्रस्तुत लेखाचा वाद या वाटणीशी आहे. जी.एं.च्या श्रेष्ठत्वाशी तो नाही, आणि धारपांना जी.एं.च्या पंक्तीला बसवण्याचा हट्टही येथे नाही. शंभराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या लेखकाचे पुष्कळसे लेखन पुनरुक्त आणि घाईचे असणार, हे उघड आहे. परंतु ‘धारप सामान्य आहेत’ हे एक विधान आहे. विधानाला पुरावा द्यावा लागतो, आणि पुराव्यासाठी वाचावे लागते. मराठी समीक्षेने हे विधान कधी केलेच नाही. तिने मौन धरले आणि ते मौन हाच निकाल आहे असे पुढच्या पिढ्यांना समजू दिले. मराठी कादंबरीच्या ज्या इतिहासांवर पदव्युत्तर विद्यार्थी वाढतो त्यांत धारपांना फार तर नामोल्लेखापुरती जागा मिळते. चाळीसपन्नास वर्षे मराठी माणूस रात्री दिवा लावून काय वाचत होता, याची नोंद त्या इतिहासांत नाही.

या मौनाची कारणे लिहिली जात नसली तरी बोलली जातात. ती तीन आहेत : हे लेखन रंजनपर आहे, ते अंधश्रद्धेला खतपाणी घालते, आणि ते उसने आहे. या तिन्ही आक्षेपांची तपासणी येथे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या वाङ्मयीन वारशाच्या साहाय्याने करावयाची आहे. धारप पुण्याचे, त्यांचा या भागाशी चरित्रात्मक संबंध जोडण्याचा हेतू नाही. पण मराठी रंगभूमी, मराठी विवेकवाद आणि मराठी रूपांतरकला या तिन्हींची मुळे कृष्णाकाठच्या याच पट्ट्यात खोल गेलेली आहेत, आणि वरील तिन्ही आक्षेपांना उत्तरे देऊन ठेवणारी माणसेही येथलीच आहेत. समीक्षेने आपल्याच पूर्वजांना विचारले असते तर तिला मौन धरण्याची वेळ आली नसती.

२

रंजनाचा आक्षेप आधी घेऊ. एखादे पुस्तक रंजनपर आहे असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा त्या पुस्तकाविषयी आपण काहीच सांगत नसतो. ते कोण वाचतो, कोठे वाचतो आणि किती वेगाने वाचतो, एवढेच सांगत असतो. ‘सत्यकथे’त छापून आलेला काळोख अस्तित्वाचा, आणि रेक्झिनच्या बांधणीतला काळोख करमणुकीचा, अशी ही विभागणी प्रकाशनस्थळावरून झालेली आहे. जी.एं.च्या कथेत नियती माणसाला जेव्हा खेळवते तेव्हा आपल्याला ग्रीक शोकात्मिका आठवते, काफ्का आठवतो. धारपांच्या कथेत वारसाहक्काने मिळालेले घर घरमालकालाच गिळू लागते तेव्हा आपल्याला फक्त झोप उडाल्याचे आठवते. यातील फरक कलाकृतींत किती आणि आपल्या आठवणीच्या शिस्तीत किती, हा प्रश्न विचारण्याचे धाडस कोणी केले आहे?

‘करमणूक’ या शब्दाचे मराठी समीक्षेला वाटणारे भय तर मुळातच अनाकलनीय आहे. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ज्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली त्याचे नावच ‘करमणूक’ होते. भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) असे तीन प्रवाह दाखवले. त्यांपैकी पहिल्याचा वारसा सामाजिक कादंबरीकडे गेला व तिसऱ्याचा ऐतिहासिक कादंबरीकडे, हे आपण शिकवतो. लक्ष्मणशास्त्री हळब्यांच्या ‘मुक्तामाले’तील अद्भुताचे विसाव्या शतकात काय झाले, हे मात्र आपण शिकवत नाही. ते आटले असे गृहीत धरतो. वस्तुतः तो प्रवाह आटला नाही. तो बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतून, धारपांच्या भयकथांतून आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथांतून वाहत राहिला. मतकरींचा गौरव झाला तोही प्रामुख्याने नाटककार आणि बालरंगभूमीचे कार्यकर्ते म्हणून. गूढकथाकार मतकरी पुन्हा देवघेव विभागातच.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या परंपरेतील नाटकांत राक्षसपार्टीचा प्रवेश हा प्रेक्षकांच्या दृष्टीने मोठ्या आकर्षणाचा भाग असे : आरडाओरडा, भडक रंग, तलवारींचा खणखणाट, पुढे बसलेल्या पोरांची घाबरगुंडी. पुढच्या सुशिक्षित पिढीने या प्रकाराची ‘तागडथोम’ आणि ‘अललडुर्र’ म्हणून टिंगल केली. पण त्या टिंगलीमुळे भाव्यांना नाट्येतिहासातून कोणी वगळले नाही. मराठी रंगभूमीच्या आरंभी भयानक रस होता, हे सांगली विसरलेली नाही. मराठी कादंबरीच्या अभ्यासाला मात्र भयानक रस आपला वाटत नाही.

भरताने आठ रस सांगितले आणि त्यांत भयानक व बीभत्स यांना शृंगार-करुणांबरोबर समान स्थान दिले. विसाव्या शतकातील मराठी साहित्यशास्त्राने करुण रसापासून आनंद कसा होतो या एका प्रश्नावर किती शाई खर्ची घातली, याची मोजदाद अवघड आहे. रा. श्री. जोग, द. के. केळकर, के. ना. वाटवे यांच्यासारख्या मीमांसकांनी तो प्रश्न उलटसुलट तपासला. पण दुःखापासून आनंद होतो हे जर कोडे असेल, तर भीतीपासून आनंद होतो हे त्याहून अवघड कोडे आहे. कारण दुःखात माणूस थांबतो, भीतीत पळतो. जो वाचक पळून जाण्याऐवजी पान उलटतो त्याचे मन कसे चालते? या प्रश्नाला लागणारी सामग्री धारपांनी शंभर पुस्तकांत पुरवून ठेवली होती. सिद्धान्त होता, उदाहरणे होती. त्यांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते.

३

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो गांभीर्यानेच घेतला पाहिजे. भुताखेतांच्या, मंत्रतंत्रांच्या कथा वाचून समाजाच्या मनातील अंधश्रद्धा बळावते, असे विवेकवादी वर्तुळांत अनेकदा ऐकू येते. हा आक्षेप साताऱ्याच्या संदर्भात उच्चारताना जबाबदारीने बोलावे लागते. डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) साताऱ्याचे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम त्यांनी येथे राहून उभे केले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले त्याचा अध्यादेश त्यानंतर लगेच निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा संमत झाला. त्या कायद्याच्या लांबलचक नावात ‘अमानुष’ आणि ‘अघोरी’ हे दोन शब्द आहेत. भयकथेच्या मुखपृष्ठांवर शोभणारे हेच शब्द. तेव्हा भयकथाकाराकडे संशयाने पाहिले जाणे समजण्यासारखे आहे.

परंतु शब्द एक असले म्हणून व्यवहार एक होत नाही. याचा सर्वांत सज्जड पुरावा सातारा जिल्ह्यातलाच आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांइतका कडवा बुद्धिवादी मराठीत दुसरा दाखवता येणार नाही. त्यांनी रूपांतरासाठी शेक्सपिअरचे कोणते नाटक निवडले? ‘हॅम्लेट’. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. भुताशिवाय ‘हॅम्लेट’ उभेच राहत नाही : मेलेला बाप रात्री तटावर येतो, सूड मागतो, आणि तेथून सारे नाटक सुरू होते. भुतावर विश्वास नसणे आणि भुताच्या गोष्टीत रस असणे यांत आगरकरांना विसंगती दिसली नाही. शतकभरानंतरच्या विवेकवाद्याला ती दिसत असेल तर विवेक वाढला की रसिकता घटली, हे तपासून पाहावे लागेल.

आगरकरांच्या कृतीत जे अध्याहृत आहे त्याला सैद्धान्तिक रूप देणारी संकल्पनाही मराठीत आहे. मिरजेकडे वाढलेल्या आणि काही काळ साताऱ्यात वकिली केलेल्या न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील संमेलनात वाङ्मयानंदाची उपपत्ती ‘सविकल्प समाधी’ या संज्ञेने मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवाशी एकरूप होतो, तरीही त्याचे स्वतःचे भान पूर्णतः सुटत नाही. या दुहेरी अवस्थेत आनंद आहे. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती सर्व साहित्याला पुरी पडत नाही हेही खरे. पण एका जागी ती तंतोतंत बसते आणि नेमक्या त्याच जागी तिचा कस लावून पाहिला गेला नाही. ती जागा भयकथेची आहे. भयकथेचा वाचक घाबरतो. त्याचे अंग शहारते, दाराची कडी तो पुन्हा एकदा तपासतो. त्याच क्षणी त्याला पक्के ठाऊक असते की आपल्या हातात कागद आहे, तो वाचनालयाचा आहे आणि शनिवारी परत द्यावयाचा आहे. समाधी लागली आहे, विकल्प शाबूत आहे.

आता याच्या शेजारी भोंदू बाबाच्या दरबारातील भय ठेवून पाहावे. तेथे घाबरणाऱ्या बाईला पुस्तक मिटण्याची सोय नसते. तिला सांगितले जाते की बाधा तिच्याच पोटात आहे, करणी तिच्याच जावेने केली आहे, आणि उतारा अमक्या रकमेचा आहे. शंका घेणे हीच बाधेची खूण ठरते. म्हणजे या भयातून विकल्पच काढून घेतलेला असतो. एका शब्दात सांगायचे तर अंधश्रद्धा हे निर्विकल्प भय आहे आणि भयकथा हे सविकल्प भय आहे. पहिल्याचा धंदा भीतीला सत्य म्हणून विकण्यावर चालतो; दुसरी भीतीला कल्पित म्हणून जाहीर करते आणि मगच तिला हात घालते. ज्या समाजात भीतीचा एवढा व्यापार चालतो त्या समाजाला भीती हाताळण्याचा, ती हवी तेव्हा अंगावर घेण्याचा आणि हवी तेव्हा उतरवून ठेवण्याचा सराव देणारे वाङ्मय घातक असते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आक्षेपकावर आहे.

येथे एक सैद्धान्तिक अडचण पुढे केली जाईल आणि ती रास्त आहे. त्स्वेतान तोदोरोव यांनी अद्भुताची मीमांसा करताना (१९७०) संदेहाला मध्यवर्ती स्थान दिले : घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याचा निर्णय होत नाही तोवरच खरे अद्भुत टिकते. धारपांच्या कथा बहुधा या संदेहावर थांबत नाहीत. आरंभी सुशिक्षित, सावध, स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास न ठेवणारा निवेदक असतो. शेवटी अमानवी शक्ती खरीच होती असा कौल मिळतो. मग विकल्प उरला कोठे? उत्तर असे की तोदोरोवांचा संदेह संहितेच्या आत राहणारा आहे आणि केळकरांचा विकल्प संहितेबाहेरच्या वाचकाजवळ आहे. पात्राचा संदेह मिटला म्हणून वाचकाचे भान जात नाही. तोदोरोवांच्या वर्गवारीत धारप अद्भुताकडून अलौकिकाकडे सरकतात, एवढेच यातून निष्पन्न होते. हा वाङ्मयप्रकाराच्या वर्गीकरणाचा मुद्दा झाला. त्यातून अंधश्रद्धेचा आरोप सिद्ध होत नाही.

४

तरीसुद्धा धारपांच्या लेखनात एक जागा अशी आहे की जेथे हा विकल्प खरोखर धोक्यात येतो. तिच्याकडे विवेकवादी आक्षेपकांनी बोट दाखवायला हवे होते. पण बोट दाखवण्यासाठी पुस्तक उघडावे लागते. ती जागा म्हणजे ‘समर्थ’. धारपांच्या सर्वाधिक लोकप्रिय कथामालिकेचा हा नायक. अमंगळ शक्तींनी घेरलेल्या माणसांच्या साहाय्याला तो येतो, आणि त्याचे सहकारी अप्पा जोशी यांच्यामुळे त्याची कामगिरी वाचकाला कळते. गुप्तहेरकथेतील तज्ज्ञ आणि त्याचा विश्वासू सोबती ही जोडी येथे पारलौकिकाच्या क्षेत्रात नेली आहे.

नायकाचे नाव निरागस नाही. महाराष्ट्रात ‘समर्थ’ म्हटले की मन सज्जनगडाकडे जाते. रामदासांनी स्थापिलेले अकरा मारुती चाफळ, मसूर, उंब्रज, शिराळे, बहे-बोरगाव असे सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत पसरलेले आहेत, आणि अंधारात एकटे जावे लागले की मारुतीस्तोत्र पुटपुटायचे हे मराठी मुलाला सांगावे लागत नाही. धारपांनी हे नाव घेतले तेव्हा भयहरणाचा हा सारा सांस्कृतिक ठेवा त्यांना एका शब्दात मिळाला. लेखकाला तो हक्क आहे. पण किंमतही मोजावी लागते. समर्थ आले की कथेतील अनिश्चितता संपते. त्यांना माहीत नाही असे काही नसते. त्यांच्या शब्दावर शंका घेणारा एकतर मूर्ख ठरतो किंवा बाधित. संहितेच्या आत असा अधिकारी पुरुष उभा राहिला की वाचकाच्या विकल्पावर दडपण येते, कारण कथा आता त्याला घाबरायला सांगत नाही, शरण जायला सांगते. बाबाच्या दरबारातील रचना ती हीच.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हा नैतिक दोष आणि कलादोष एकाच ठिकाणी येतात. तारणहार ठरलेला असला की भय पातळ होते. ज्या कथांत कोणी येत नाही, जेथे सामान्य माणसाला आपल्या तुटपुंज्या शहाणपणावर त्या रात्रीशी झुंजावे लागते, त्या कथांत धारपांचे गद्य अधिक ताठ आणि अधिक काटकसरी होते असे प्रस्तुत लेखकाचे वाचन आहे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाने धारपांच्या कथेपासून प्रेरणा घेतली, आणि त्या चित्रपटातही कोणी समर्थ येत नाही. लोभी माणूस स्वतःच्या लोभासह विहिरीत उतरतो. धारपांचा वारसा पुढे नेताना दिग्दर्शकाने त्यांतील काय सोडले, याची चिकित्सा म्हणजेच धारपांची समीक्षा. ती एका चित्रपटाने केली. मराठी विभागांनी केली नाही.

५

तिसरा आक्षेप उसनवारीचा. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ (१९७५) आहे, ‘शपथ’मागे ‘इट’ (१९८६) आहे, ‘आजी’ ही कथा किंगच्याच ‘ग्रामा’ (१९८४) या कथेवरून आलेली आहे, हे जाणते वाचक उघड बोलतात. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच त्यावरचे मौन सर्वांत अक्षम्य आहे. चोरी झाली असे वाटत असेल तर पंचनामा करा. कोणत्या पुस्तकात मूळ लेखकाचा ऋणनिर्देश आहे, कोणत्यात नाही, कोठे केवळ कल्पनाबीज घेतले आणि कोठे प्रसंगामागून प्रसंग, हे पुस्तकागणिक तपासावे लागेल. ‘सगळे इंग्रजीवरून घेतलेले’ हे वाक्य उच्चारून विषय संपवणारा समीक्षक किंगवर अन्याय करतो आणि धारपांवरही : किंगला त्याचे श्रेय मिळत नाही, धारपांना त्यांचा दोषही नेमका कळत नाही.

मराठीला रूपांतराची लाज नाही. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचा ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरून आला आणि ‘संशयकल्लोळ’ची मुळे थेट मोलिएरपर्यंत जातात. त्यामुळे देवल कमी ठरले नाहीत. उलट परके कथानक मराठी घरात नांदवताना त्यांनी काय बदलले, कोणती भाषा कोणाच्या तोंडी घातली, यावर आपण त्यांचे मोठेपण ठरवले. जी.एं.नी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशा नावांनी मराठीत आणल्या, त्या अनुवाद म्हणून. तेथे श्रेयाचा प्रश्न उद्भवत नाही. हे दोन्ही मापदंड आपल्याजवळ असताना धारपांना कोणताच लावला गेला नाही.

लावला असता तर काय दिसले असते? ‘सालेम्स लॉट’मधील रक्तपिपासू क्रूसाला भितो. क्रूसामागे एक चर्च आहे, एक सैतान आहे, पापाची एक सुसंगत कल्पना आहे. मराठी गावात क्रूसाच्या जागी काय ठेवावयाचे? हा तपशिलाचा प्रश्न वाटतो, पण तो विश्वदृष्टीचा आहे. आपल्या लोकपरंपरेतील भूत हे सैतानाचे हस्तक नसते. ते अन्यायाने किंवा अकाली मेलेले माणूस असते. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुंजा, बाळंतपणात गेलेली हडळ, वासना उरलेला ब्राह्मण समंध, याशिवाय खवीस, जखीण, गिऱ्हा, चकवा. या यादीत जात आहे, धर्म आहे, लिंग आहे, मालमत्ता आहे. कोण कशासाठी परत येतो हे पाहिले की कोणाला जिवंतपणी काय नाकारले होते ते कळते. ही यादी म्हणजे ग्रामीण महाराष्ट्राच्या अन्यायांची वहीच आहे.

धारपांनी ही वही फारशी उघडली नाही, हा प्रस्तुत लेखकाचा त्यांच्यावरील खरा आक्षेप आहे. त्यांची दुष्ट शक्ती बहुधा पलीकडच्या मितीतून येते, तिला इतिहास असला तरी समाज नसतो. त्यांच्या भुताला जात नाही. यामुळे त्यांचे भय पुण्यातल्या वाड्यात आणि सांगलीतल्या बंगल्यात सारखेच चालले, आणि त्यांच्या खपाचे एक रहस्यही कदाचित येथेच आहे. पण यामुळेच कृष्णाकाठच्या एखाद्या शिवारातील हडळ मराठी कादंबरीत कधी बोललीच नाही. ती बाळंतपणात का मेली, सुईणीला कोणी बोलावले नाही, दवाखाना किती दूर होता, हे तिने सांगितले असते. पाश्चात्त्य नमुन्याच्या आहारी गेल्याने धारपांच्या हातून निसटले ते हे. हा आक्षेप उसनवारीच्या सरधोपट आरोपापेक्षा कठोर आहे आणि तो धारपांना वाचूनच करता येतो.

अमेरिकेत २००३ साली नॅशनल बुक फाउंडेशनने किंगला विशेष योगदानाबद्दल पदक दिले, तेव्हा हॅरॉल्ड ब्लूम यांनी त्यावर जाहीर कोरडे ओढले. इतरांनी ब्लूमवर ओढले. त्या वादात कोण बरोबर होते हे येथे ठरवायचे नाही. वाद झाला, निकष उघडे झाले, वाचकाला निवड करता आली, एवढे पुरे. साताऱ्यात १९९३ मध्ये संमेलन झाले, सांगलीत २००८ मध्ये झाले. धारपांवरून असा वाद मराठीत ना त्यांच्या हयातीत पेटला, ना नंतर. ज्यांच्याशी भांडायचेही नाही, त्यांना आपण वाङ्मयाबाहेर काढलेले असते.

६

या मौनाची किंमत आता कागदावर दिसू लागली आहे. धारपांसारख्या लेखकाचे लेखनजीवन वाचनालयांच्या जोरावर चालले. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अनुदानाची व्यवस्था केली, गावोगावी वाचनालये टिकली, आणि या पुस्तकांना हक्काचा ग्राहक मिळाला. लेखकाला सतत लिहावे लागले ते या भुकेमुळे. पुनरुक्तीचे मूळही तेथेच शोधावे लागेल. त्या प्रती हातोहात फिरल्या, फाटल्या, पुन्हा बांधल्या गेल्या, आणि बांधताना पहिली पाने गेली. ज्या पानावर प्रकाशनवर्ष आणि असलाच तर ऋणनिर्देश असतो, ते पहिलेच पान. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले तेव्हा वाचनालयातील हजारो पुस्तके त्यात भिजली. श्रेष्ठ म्हणून मान्य झालेले ग्रंथ अन्यत्र जपलेले असतात. देवघेवीतली पुस्तके गेली की गेली. पुढील काळातील पुनर्मुद्रणांमुळे धारप वाचकाला पुन्हा मिळू लागले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु पुनर्मुद्रण म्हणजे चिकित्सक आवृत्ती नव्हे.

म्हणून येथे मागणी गौरवग्रंथाची नाही. मागणी कामाची आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे येतात. येथल्या मराठी विभागांतील एका विद्यार्थ्याने धारपांची प्रथमावृत्तींच्या तारखांसह सूची करावी. दुसऱ्याने ‘लुचाई’ आणि ‘सालेम्स लॉट’ प्रकरणागणिक समोरासमोर ठेवून काय घेतले, काय टाकले, काय बदलले ते मांडावे. तिसऱ्याने या दोन जिल्ह्यांतील जुन्या वाचनालयांच्या देवघेव वह्या, पुरातून आणि वाळवीतून ज्या वाचल्या असतील त्या, मिळवून ही पुस्तके कोण नेत होते ते पाहावे. शिक्षक किती, गृहिणी किती, साखर कारखान्यातले कारकून किती, शाळकरी मुले किती? त्या वह्यांतून मराठी अभिरुचीचा जो इतिहास निघेल तो आजवरच्या इतिहासांना अडचणीत टाकील, अशी दाट शक्यता आहे.

‘तुंबाड’ २०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाच्या उद्घाटनाला दाखवला गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर गर्दी खेचून गेला. त्यानंतर धारप कोण, असे अमराठी वाचक विचारू लागले. त्यांना उत्तर देण्यासाठी आपल्याजवळ चाहत्यांच्या आठवणी आहेत. समीक्षेचे एक भरीव पुस्तक नाही. धारप सामान्य ठरतील तर सामान्य ठरोत. पण तो निकाल वाचून दिलेला असावा, आणि त्याखाली निकाल देणाऱ्याची सही असावी.